दिनविशेष : १३ फेब्रुवारी १९३३ – ‘श्यामची आई’ लिहून पूर्ण

नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चे लेखन आजच्या दिवशी, सोमवारी पहाटे हातावेगळे केले. सुरुवात गुरुवारी, ९ तारखेला झाली होती. दिवसा तुरुंगातले काम आणि उरल्या वेळात लेखन, असे ते पाच दिवस गेले. १९३५ मध्ये पुस्तक आले आणि मग घरोघरी पोचले.

त्या काळी भूमसह सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शिक्षणात उर्दूचा वरचष्मा होता. पुस्तकातले श्यामचे गाव पालगड तर पार कोकणातले. पण पुढे मराठवाड्यातल्या पोरांनाही ही आई परकी वाटली नाही. रडवणारे पुस्तक असा शिक्का त्यावर बसला, तो अर्धाच खरा. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला हीच आई मारत विहिरीवर धाडते आणि तो पोहून आल्यावर अंगावरचे वळ पाहून गलबलते. इतकी करारी बाई नुसती सोशिक कशी म्हणायची?

आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल रंगात.