ठाण मांडून उभं राहणं: एका ग्रीक क्रियापदाची गोष्ट

कोल्हापुरातून बोलतोय. आजचा शब्द बायबलच्या नव्या करारातला, मूळ ग्रीक: 'अँथिस्तेमी'. अर्थ, विरोध करणे. पण खरी मजा त्याच्या घडणीत आहे.

'अँटी' म्हणजे समोर, विरुद्ध. 'हिस्तेमी' म्हणजे उभं करणं, उभं राहणं. त्यातला मूळ धातू आणि संस्कृतचा 'स्था' एकाच कुळातले. आपले स्थान, स्थिर, ठाण हे त्यांचेच भाऊबंद. थोडक्यात, समोर ठाण मांडणं! 1912 मध्ये शाहू महाराजांच्या काळात पूर्ण झालेलं आपलं खासबाग मैदान आठवा. पैलवान डाव टाकण्याआधी पवित्रा घेतो, पाय रोवतो. तेच चित्र.

जुने ग्रीक इतिहासकार हा शब्द रणात समोरासमोर ठाकलेल्या सैन्यांसाठी वापरायचे. पौलाच्या गलतीकरांस पत्रात मात्र रण नाही. अंत्युखियात पेत्र चुकला, तेव्हा पौल त्याच्या तोंडावर विरोधात उभा राहिला. तिथे हाच शब्द आहे. हत्यार नाही, फक्त स्पष्ट बोलणं.

मग अडचण कुठे? मत्तय 5:39 मध्ये. तिथे येशू दुष्टाविरुद्ध हेच करू नका म्हणतो. आणि याकोबाच्या पत्रात सैतानाविरुद्ध हेच करा, असा आदेश! अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंक यांच्या मते मत्तयात लढाईचा अर्थ आहे: हिंसेला हिंसेनं उत्तर देऊ नका. सगळ्यांना हे पटत नाही. काहींना शब्दाचा अर्थ जास्त व्यापक वाटतो.

हा वाद फक्त पंडितांचा नाही हं. 'सोस, गप्प बस' असं मार खाणाऱ्यालाच सांगायला हे वचन वापरलं जातं. टॉलस्टॉयनं याच वचनावर आपला अहिंसेचा विचार उभारला, तो गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला. पुढे 'निष्क्रिय प्रतिकार' हे नाव त्यांना खटकलं आणि 'सत्याग्रह' आला. मारायचं नाही, पण हटायचंही नाही.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंना शब्दांचं हे वजन कळलं होतं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1922 मध्ये त्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधून त्यांचं भाषांतर त्यानंतर बाहेर आलं. बाप्तिस्मा घेतल्यावरही इंग्लंडमधल्या चर्चवाल्यांचं सगळं त्यांनी मुकाट मान्य केलं नाही. पत्रांतून वाद घातला, आपलं मत सोडलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी धर्माचा दाखला देऊन 'गप्प बस' म्हणालं, तर आधी विचारा: मूळ शब्द कोणता? भेटू पुढच्या भागात!