वाढत्या कूर्चेतील शर्करायुक्त रेणूंचा शोध : एक ऐतिहासिक टिपण

ऊतीच्या छेदावर रंग उमटला नाही, म्हणजे तेथे तो पदार्थच नाही, असे मानता येते काय? प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

लांब हाडाच्या टोकाजवळील वाढीच्या पट्ट्यात कूर्चेच्या पेशी प्रथम विभागतात, मग फुगतात. त्यांच्याभोवतीच्या आधारद्रव्यात कॅल्शियमचे क्षार साचतात व त्या सांगाड्यावर हाड तयार होते. या आधारद्रव्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शर्करासाखळ्या धारण करणारे प्रोटिओग्लायकन विपुल असतात. क्षार साचण्यापूर्वी हे रेणू हटतात की तेथेच राहतात, हा दीर्घकाळ वादाचा विषय होता.

टोलुइडिन ब्लू हा निळा रंग या साखळ्यांवर जांभळा दिसतो, सॅफ्रानिन ओ तांबडा. परंतु हे दोन्ही रंग साखळीवरील ऋण विद्युतभाराला चिकटतात. तो भार झाकला गेला, किंवा छेद तयार करताना रेणूच धुऊन गेला, तर नकाशा कोरा राहतो. 1958 मध्ये हेलन म्यूर यांनी ही साखळी प्रथिनाशी कशी जोडलेली असते ते दाखविले. 1969 मध्ये हॅस्कॉल व साजदेरा यांनी ग्वानिडीन क्लोराइडच्या संहत द्रावणाने हे रेणू न तोडता बाहेर काढण्याची रीत दिली. शुद्ध रेणू हाती आल्यावर त्याच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करता आली, आणि विद्युतभाराऐवजी प्रत्यक्ष रेणूच ओळखता येऊ लागला.

हे साधनही निर्दोष नव्हते. 1966 मध्ये प्रतिपिंडांच्याच आधारे हिर्शमन व त्यांच्या सहकाऱ्याने हाड बनताना हे रेणू नष्ट होतात असे मांडले होते. 1982 मध्ये पूल, पिडू व रोझेनबर्ग यांनी गाईच्या गर्भातील वाढीचा पट्टा प्रतिदीप्त प्रतिपिंडांनी तपासला. त्यांचा निष्कर्ष नेमका उलट होता : क्षार साचताना प्रोटिओग्लायकनची निव्वळ घट होत नाही, ते कॅल्सीभूत कूर्चेत गाडले जातात आणि नवे हाड त्यांच्यावरच रचले जाते.

त्याच सुमारास बर्न येथे हुंझिकर व सहकाऱ्यांनी रुथेनियम हेक्झामिन ट्रायक्लोराइड वापरून हे रेणू छेदात जागच्या जागी रोखून धरले. तेव्हा पेशी आधारद्रव्याला थेट लागून असलेली दिसली. पेशीभोवतीची जी पांढरी पोकळी आपण प्रयोगवहीत पिढ्यान्‌पिढ्या काढीत आलो, ती बहुतांशी पेशी आक्रसल्यामुळे, म्हणजे छेद तयार करण्याच्या रीतीमुळेच निर्माण झालेली होती.