संघाचा सदरा आणि सदऱ्याचे धनी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी लालभडक सदरा घालून पहिल्या बांकावर येऊन बसला. छातीवर एका परदेशी पेढीचें नांव, पाठीवर एका फुटबॉलपटूचें नांव व त्याचा आंकडा. तास संपल्यावर आम्हीं त्यास सहज विचारिलें कीं, ही पेढी विकते तरी काय? त्यास तें ठाऊक नव्हतें. पाठीवरील गृहस्थही, असें तो ओशाळून म्हणाला, दोन महिन्यांपूर्वींच दुसऱ्या संघांत गेले. "हा गेल्या सालचा आहे, सर. या सालचा घ्यायचा आहे, पण घरीं बाबा रागावतात." ज्या गांवीं हा मुलगा कधीं गेला नाहीं, त्या गांवच्या संघासाठीं त्याच्या वडिलांनीं दरसाल खिशांत हात घालावा, हें आम्हांस प्रथम केवळ गमतीचें वाटलें. पुढें चौकशी करितां असें दिसून आलें कीं, हीच कुरकुर खुद्द इंग्लंडांत गेलीं चाळीस-पन्नास वर्षें चालू आहे, आणि तिच्यामागें एक बराच मनोरंजक इतिहास आहे. तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असा विचार आहे.

फुटबॉलच्या संघांना रंग मिळाले ते पुष्कळदां अगदीं योगायोगानें. नॉटिंगहॅम फॉरेस्ट मंडळीनें गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांचा लाल रंग उचलला. लंडनजवळ वुलिच येथील तोफांच्या कारखान्यांतील कामगारांनीं १८८६ सालीं संघ काढला तेव्हां त्यांस याच मंडळीनें आपले लाल सदरे देऊं केले, आणि आर्सेनलचा संघ त्या दानावर आजतागायत लाल आहे. ट्यूरिनचा युव्हेंटस संघ आरंभीं गुलाबी सदरे घालीत असे. १९०३ सालीं इंग्लंडांतून नॉट्स कौंटीचे काळे-पांढरे पट्टे आले व तेच कायम झाले. ज्यास आज लोक परंपरा म्हणून छातीशीं धरितात तिची जन्मकथा ही अशी आहे. अर्थात् आमच्या जरीपटक्याची मातबरी कापडाच्या जातीवर नव्हती, तशी याही रंगांची नाहीं.

रंग बदलण्याचे प्रकारही जुनेच आहेत. लीड्स युनायटेड निळा-पिवळा वेष करीत असे. डॉन रेव्ही यांनीं सूत्रें हातीं घेतांच, म्हणजे १९६१ च्या सुमारास, रेआल माद्रिदच्या अनुकरणानें संघास नखशिखांत पांढरा केला. लिव्हरपूलचे सदरे लाल पण चड्ड्या पांढऱ्या असत. बिल शँक्ली यांनीं आपल्या धिप्पाड कप्तानास, रॉन येट्सला, लाल चड्डी घालून समोर उभें केलें, आणि तो अधिकच उंच व भयंकर दिसतो असें पाहून १९६४ च्या नोव्हेंबरांत अँडरलेख्टविरुद्धच्या सामन्यांत सारा संघ लाल करून उतरविला. या दोन्ही बदलांवर गांवांत खळबळ उडाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. कारण उघड आहे. बदल खेळाच्या धन्यानें खेळासाठीं केला होता, आणि प्रेक्षकास त्यापायीं एक पेनीही पडत नव्हती. त्या काळीं प्रेक्षकाचें अंगावरील चिन्ह म्हणजे घरीं विणलेला लोंकरीचा गळपट्टा, फार तर फितीचें फूल आणि हातांत खुळखुळा. आईनें विणलेला गळपट्टा संघानें कितीही सदरे बदलले तरी शिळा होत नसे. संघाचाच सदरा अंगांत घालून मैदानावर जाणें ही गोष्ट प्रौढ माणसाला सुचतच नव्हती. सदरा खेळाडूचा, आणि फार तर हौशी पोराचा.

हें चित्र पालटलें तें लीस्टर परगण्यांतील विग्स्टन गांवच्या एका कापडाच्या कारखानदारामुळें. ‘ॲडमिरल’ हें त्याच्या मालाचें नांव. त्याच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. कोरा पांढरा सदरा कोणीही शिवावा व कोणीही विकावा. त्यावर मालकी सांगतां येत नाहीं. परंतु त्याच सदऱ्याच्या बाह्यांवर रंगीत पट्ट्या व छातीवर आपली खूण घातली कीं ती नक्षी आपली झाली, आणि ज्या मुलास आपल्या वीरासारखा सदरा हवा त्यास तो आपल्याकडूनच घेतला पाहिजे. १९७३ सालीं त्यानें लीड्सच्या रेव्हींना गांठलें. पुढच्याच वर्षीं रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे चालक झाले, आणि १९७४ पासून इंग्लंडच्या पांढऱ्या सदऱ्यावर प्रथमच कारखानदाराची खूण झळकूं लागली. या हक्कासाठीं कारखानदार फुटबॉल असोसिएशनला पैसे देत असे. पूर्वीं संघ कापड विकत घेई. आतां कापडवाला संघ विकत घेऊं लागला. सदऱ्याच्या साऱ्या पुढील इतिहासाची किल्ली आमच्या मतें येथें आहे. कारण ज्यानें हक्कासाठीं पैसे मोजले त्यास ते वसूल केलेच पाहिजेत, आणि कालचा सदरा आज चालेनासा झाल्याखेरीज ते वसूल व्हावयाचे कसे?

कारखानदाराच्या मागोमाग पुरस्कर्ता आला. जर्मनींत ब्राउनश्वाइगच्या संघास १९७३ सालीं एका मद्याच्या कारखान्यानें पैसे देऊं केले. तेथील फुटबॉल मंडळाचा सदऱ्यावर जाहिरात करण्यास विरोध होता. तेव्हां संघानें आपल्या बोधचिन्हांतील नगरीचा लाल सिंह काढला व त्या जागीं मद्याच्या बाटलीवरील सांबर बसविलें! ही जाहिरात नव्हे, आमचें चिन्हच हें, असा युक्तिवाद. मंडळ हतबुद्ध झालें, आणि त्याच वर्षीं जाहिरातीस परवानगी मिळाली. (पुढें सिंह परत आला, हें सांगितलें पाहिजे.) इंग्लंडांत हाच प्रयोग जानेवारी १९७६ मध्यें केटरिंग या लहान गांवच्या संघानें केला. त्याचे चालक डेरेक डूगन यांनीं ‘केटरिंग टायर्स’ हीं अक्षरें सदऱ्यावर घालून संघ बाथ सिटीविरुद्ध उतरविला. असोसिएशनचा हुकूम सुटला कीं तीं काढा. डूगन यांनीं ‘टायर्स’ मधील पहिलें अक्षर ‘टी’ तेवढें ठेविलें व तें ‘टाउन’ चें आहे असें शपथेच्या थाटांत सांगितलें. अखेर हजार पौंड दंडाच्या धाकानें तेंही गेलें. वर्षभरांत, १९७७ सालीं, असोसिएशननें स्वतःच दार उघडलें. १९७९ सालीं लिव्हरपूलच्या छातीवर हिताची हें जपानी नांव आलें. दूरचित्रवाणीच्या संस्था मात्र १९८३ पर्यंत असे सदरे दाखविण्यास नकार देत होत्या, म्हणून ज्या दिवशीं चित्रण असे त्या दिवशीं संघ कोरे सदरे घालीत. लज्जा अशी टप्प्याटप्प्यानेंच सुटते.

येथपासून चाहत्याच्या सदऱ्याला दोन धनी झाले, आणि दोघांचे करार निरनिराळ्या सालीं संपत. कारखानदार बदलला कीं कॉलर व पट्ट्या बदलणार; पुरस्कर्ता बदलला कीं छाती बदलणार. १९९३ पासून प्रीमियर लीगमध्यें पाठीवर खेळाडूचें नांव आलें, आणि खेळाडू विकला गेला कीं पाठही बदलूं लागली. घरचा सदरा, परगांवचा सदरा व त्याउपर तिसरा सदरा, असे तीन तीन दर हंगामास नवे निघूं लागले. आज एका सदऱ्याची किंमत ८० पौंडांच्या घरांत आहे, आणि खेळाडूंच्या अंगावरील जातीचा हवा असेल तर शंभराच्या वर. दोन मुलांच्या बापाने ऑगस्टांत काय करावें?

या धंद्यांतील खेळाचा विसर पाहावयाचा असेल तर १३ एप्रिल १९९६ चा साउदॅम्प्टन येथील सामना आठवावा. मँचेस्टर युनायटेडचा संघ नव्या करड्या सदऱ्यांत उतरला. मध्यंतराला तीन गोल अंगावर. खेळाडू म्हणूं लागले कीं, गर्दीच्या पार्श्वभूमीवर आम्हांला आमचेच गडी दिसत नाहींत. फर्ग्युसन यांनीं सदरे उतरवून दुसरे चढविले. सामना ३-१ असा गेलाच. करडा सदरा पांच सामन्यांत घातला व एकही जिंकला नाहीं, म्हणून तो कायमचा बाद झाला. ज्यांनीं आपल्या मुलांना तो घेऊन दिला होता त्यांचा सदराही त्याच दिवशीं बाद झाला. त्याची भरपाई कोणी करावी?

तथापि चाहत्यास खरी जखम झाली ती किंमतीनें नव्हे, तुच्छतेनें. १९९८ सालीं न्यूकॅसल संघाच्या दोन संचालकांचें खासगी बोलणें एका वृत्तपत्रानें छापलें; पांच पौंडांत बनणारा सदरा आम्ही पन्नासांस विकतों व लोक घेतात, याची त्यांत फुशारकी होती. ते पायउतार झाले आणि कांहीं महिन्यांत परतही आले. २००३ सालीं सरकारच्या व्यापारविषयक खात्यानें असा निकाल दिला कीं, इंग्लंड व मँचेस्टर युनायटेड यांच्या सदऱ्यांचे भाव कोणी उतरवूं नयेत असा कट झाला होता. कारखानदार, दुकानदार, खुद्द मँचेस्टर युनायटेड व खुद्द फुटबॉल असोसिएशन, अशा दहा जणांस मिळून सुमारें १ कोटि ८६ लक्ष पौंड दंड झाला. अपिलांत त्यांतील कांहीं कमी झाले. दंड सरकारांत गेला. गिऱ्हाइकांचा म्हणून जो दावा पुढें झाला त्यांत शेंदीडशें लोकांनीं नांवें घातलीं, आणि २००८ सालीं त्यांस एका दुकानदाराकडून प्रत्येकीं वीस पौंड मिळाले.

यावर कोणी म्हणेल कीं, घेऊं नका म्हणजे झालें. सक्ति कोण करितो? हा आक्षेप आम्हांस वरवरचा वाटतो. दुसरा साबण घेतां येतो, दुसरा गांव घेतां येत नाहीं. कार्डिफ सिटीचें उदाहरण पाहा. हा वेल्समधील संघ १९०८ पासून निळा. त्याचें लाडकें नांवच ‘निळे पक्षी’. मलेशियांतील धनिक व्हिन्सेंट टॅन यांनीं २०१२ सालीं आशियांतील बाजारपेठेवर नजर ठेवून संघ लाल करावयाचें ठरविलें. ओरड झाली, बेत मागें घेतला, आणि महिन्याभरांत तोच परत आला. सोबत कर्जमुक्तीचीं व भांडवलाचीं आश्वासनें. पक्षी लहान होऊन खालीं गेला, वर लाल ड्रॅगन बसला. चाहत्यांत फूट पडली. निळे सदरे घालून येणारे होते, आणि संघ बुडण्यापेक्षां लाल पुरवला म्हणणारेही होते. त्यांस आम्ही नांवें ठेवूं इच्छीत नाहीं. पुढच्याच वर्षीं त्याच लाल सदऱ्यांत संघ पहिल्या दर्जांत गेला, म्हणजे अर्धशतकाची इच्छा पुरी झाली, ती नको त्या रंगांत! जानेवारी २०१५ मध्यें टॅन नमले व निळा परत आला. तोंपर्यंत संघ पहिल्या दर्जांतून घसरलाही होता.

असे विजय चाहत्यांच्या पदरीं थोडेच आहेत, पण आहेत. बोल्टन येथें २०१३ सालीं भरमसाट व्याजानें कर्जें देणाऱ्या एका पेढीचें नांव सदऱ्यावर येणार होतें. गांवकऱ्यांच्या विरोधानें तें टळलें. प्रीमियर लीगच्या संघांनीं २०२३ सालीं ठराव केला कीं, २०२५-२६ च्या हंगामानंतर जुगाराच्या पेढ्यांचीं नांवें छातीवर घालावयाचीं नाहींत. (बाहीवर चालतील, ठराव करणारेही व्यापारीच.) आपल्याकडे १९११ सालीं अनवाणी पायांनीं आय. एफ. ए. ढाल जिंकणाऱ्या मोहन बागानचा २०२० सालीं एका व्यापारी संघाशीं मिलाफ झाला. हिरवा-तांबडा रंग राहिला, पण नांवापुढें ‘ए. टी. के.’ हीं अक्षरें चिकटलीं. तीं काढा म्हणून बंगाली चाहत्यांनीं तीन वर्षें धरणें धरल्यासारखा धोशा लाविला, आणि १८ मार्च २०२३ रोजीं गोव्यांत, मडगांवच्या फातोर्डा मैदानावर अजिंक्यपद मिळतांच मालकांनीं तीं काढल्याचें तेथेंच जाहीर केलें.

परंतु सर्वांत चतुर युक्ति मँचेस्टरकरांची. अमेरिकन मालकांनीं संघ कर्ज काढून विकत घेतला व तें कर्ज संघाच्याच माथीं मारलें, याचा निषेध कसा करावा? लाल सदरा घालावा तर पैसा मालकांच्याच घरांत जातो. तेव्हां २०१० सालीं त्यांनीं १८७८ च्या मूळ रेल्वे-कामगारांच्या संघाचा, न्यूटन हीथचा, हिरवा-सोनेरी रंग उकरून काढला आणि त्याचे गळपट्टे करून हजारोंनीं गळ्यांत घातले. त्यावर ना पुरस्कर्त्याचें नांव, ना कारखानदाराची खूण. इतकीं वर्षें सदऱ्यांत गुरफटलेला प्रेक्षक आपल्या आजाच्या लोंकरीच्या गळपट्ट्याकडे परत गेला.

सदऱ्याच्या बाबतींत सरळपणा दाखविणारा संघ आम्हांस एक आढळला. लंडनच्या ब्रेंटफर्डनें २०२१ सालीं जाहीर केलें कीं, घरचा सदरा दोन हंगाम तोच राहील, म्हणजे लोकांचे पैसे वांचतील. त्यामुळें संघाचें दिवाळें निघालें नाहीं. इतर संघांनीं हा कित्ता फारसा गिरविला नाहीं, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे.

आमचा विद्यार्थी दिवाळीच्या सुटीनंतर नवा लाल सदरा घालून वर्गांत आला. छातीवरील नांव तेंच होतें. पाठीवर मात्र या खेपेस त्यानें कोणाचेंच नांव छापून घेतलें नव्हतें.