तुपाच्या थेंबाखालील वाढ : जंतुपरीक्षेच्या इतिहासातील मुंबईचे एक प्रकरण

दूध विरजल्यावर दही लागले किंवा नाही, हे आमच्या परभणीकडील गृहिणी भांडे किंचित कलते करून पाहते. जंतू तिच्या दृष्टीस पडत नाहीत. दिसते ती त्यांच्या वाढीची खूण. अलीकडे प्रकाशीय नॅनो-संवेदक म्हणून जी साधने पुढे आली आहेत, तीही अशा खुणांचीच वाचक होत. खूण आणि तिचा अर्थ हा वस्तुतः भाषाशास्त्राचाही विषय. म्हणून प्रस्तुत लेखकाने या क्षेत्रात डोकावण्याचे धाडस केले आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर लवकरच वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत लशीच्या कामास लागले. मारलेल्या जंतूंची लस करावयाची, तर जंतू विपुल वाढावयास हवेत, आणि वाढले ते प्लेगचेच, याची खात्रीही हवी. हाफकिन यांनी मांसरसाच्या चंबूत तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. चंबू मुळीच न हलविता ठेवला असता थेंबांच्या खालच्या बाजूस प्लेगचे जंतू चिकटून वाढत व त्यांचे पांढुरके तंतू गुहेतील लवणस्तंभांप्रमाणे खाली लोंबू लागत. धक्का लागताच ते तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. असे पाच-सहा आठवडे चाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. आपल्या देवघरातील तूप अशा रीतीने जंतुशास्त्राच्या कामी आले, ही गोष्ट आमच्या इतिहासग्रंथांनी अधिक आस्थेने नोंदवावयास हवी होती.

नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर लोंबणारे तंतू हे लिंग आणि प्लेगचा जंतू हे साध्य. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे हे अनुमान होय. मात्र धूर दिसल्याने पर्वतावर अग्नी आहे एवढेच कळते; तेथे साप नाही, हे कळत नाही. तंतूंची खूण प्लेगच्या जंतूचे अस्तित्व सांगे. अन्य जंतूचा अभाव ती सांगू शकत नसे. त्यासाठी निराळ्या परीक्षा कराव्या लागत.

हा भेद केवळ तार्किक नव्हता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ही लस तुपाच्या जुन्या पद्धतीने नव्हे, तर आगरवर वाढवून, कार्बोलिक आम्ल न घालता तयार केलेली होती. धनुर्वाताचा जंतू बाटलीत परळच्या प्रयोगशाळेत शिरला की गावात बूच उघडताना, हाच वादाचा मुद्दा ठरला. हाफकिन यांस पदावरून दूर व्हावे लागले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृतींनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली व त्यांच्यावरील ठपका दूर झाला. परंतु मधली वर्षे परत येणारी नव्हती. परळच्या संस्थेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

आजचे संवेदक डोळ्यापेक्षा कितीतरी आधी सूचना देऊ शकतात. एका मिलिलिटरात सुमारे एक कोटी जंतू झाल्यावाचून द्रवाचा गढूळपणा सहसा नजरेस येत नाही. उलट, बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म कणांत बसविलेले काही रंजक प्राणवायूच्या सान्निध्यात मंद प्रकाशतात. वाढणारे जंतू प्राणवायू वापरू लागले की त्यांचा प्रकाश वाढतो. ही खूण जिवंतपणाची आहे, जातीची नव्हे. दुसऱ्या प्रकारात सोन्याच्या नॅनोकणांवर विशिष्ट जंतूस चिकटणारे प्रतिपिंड बसवितात. कण एकत्र आले की तांबडा द्रव जांभळट-निळा होतो. येथे जात कळते, पण ज्या जंतूसाठी प्रतिपिंड योजिले नाही तो शेजारी असूनही अनुक्त राहतो. (‘संवेदक’ आणि ‘वेदना’ यांचा धातू एकच, विद्, म्हणजे जाणणे, या कणांस मात्र जेवढे शिकविले तेवढेच जाणता येते.)

रुग्णालयांतील रक्तपरीक्षेत हेच दोन प्रश्न आजही क्रमाने विचारले जातात. संवर्धनाच्या काही बाटल्यांच्या तळाशी, जंतूंनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रंग पालटणारा संवेदक असतो. यंत्राने त्याची नोंद घेतली की तंत्रज्ञ बाटलीतील थेंब काचपट्टीवर घेतो, ग्रॅमच्या पद्धतीने रंगवितो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो.