मनाचा आरसा

आम्हां सोनिवलीकरांचे स्टेशन बदलापूर. तेथून लोहमार्ग कर्जतला जातो आणि बोरघाट चढून लोणावळ्यास पोहोचतो. नेमबाजाच्या मेंदूला वळण लावणाऱ्या यंत्राची गोष्ट सांगताना या लोणावळ्याचे नाव घ्यावे लागते, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. म्हणून ती हकीकत मुळापासूनच सांगतो.

१९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या जगापुढे मांडल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा आंदोलने उमटतात. त्यांना त्याने ‘अल्फा’ म्हटले. योगायोग असा की, त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा परिपाठ घातला. एक यंत्राकडून मनाकडे निघाला, दुसरा योगाकडून यंत्राकडे!

पुढे या वाटा जवळ आल्या. १९६१ साली दिल्लीच्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग या संशोधकांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध केले. ध्यानस्थ योग्यापुढे दिवा लावा, आवाज करा, त्याच्या अल्फा लहरी मोडत नव्हत्या. त्याच सुमारास अमेरिकेत जो कामिया यांनी साध्या माणसांना बसवून विचारले, “आता तुमच्या मेंदूत अल्फा आहे की नाही?” उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळू लागताच लोक आपल्या मनाची अवस्था ओळखायला शिकले. हेच न्यूरोफीडबॅकचे बीज. डोक्याला तारा लावायच्या. हवी ती लहर उमटली की सूर वाजतो, नाहीतर थांबतो. बाकी शिकणे ज्याचे त्याने.

खेळाडूंच्या हे कामाचे ठरले, कारण १९८४ मध्ये हॅटफील्ड, लँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, निष्णात नेमबाजाच्या मेंदूच्या डाव्या बाजूस चाप ओढण्यापूर्वी अल्फा वाढतो. शब्दांचा कारभार बहुधा याच बाजूला; म्हणजे आतली बडबड शांत होते. १९९१ साली लँडर्स यांनी धनुर्धरांना अशी तालीम दिली. ज्यांनी डाव्या बाजूची तालीम घेतली त्यांचा नेम सुधारला. ज्यांना उजव्या बाजूची दिली त्यांचा बिघडला! आरसा चुकीच्या जागी टांगला तर तोही चकवतो.

आपल्याकडे अभिनव बिंद्रा यांच्या तयारीत या तंत्राला स्थान होते. २००८ साली बीजिंगला त्यांची अखेरची गोळी १०.८ गुणांची लागली आणि भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले. पण महाराष्ट्रात दुसरीही परंपरा आहे. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले नाशिकचे भीष्मराज बाम यांनी योगाच्या आधारे एकाग्रता शिकवली. सिडनीच्या (२०००) अंतिम फेरीत पोहोचलेल्या अंजली भागवत आणि अथेन्सच्या (२००४) अंतिम फेरीत पोहोचलेल्या सुमा शिरूर या दोघींना त्यांचे मार्गदर्शन लाभले होते. त्यांच्या शिकवणीचे मूळ पातंजल योगात होते. २०१७ साली बाम गेले.

आता अशी यंत्रे घरी वापरण्याजोगीही मिळतात, आणि पोराच्या पदकाची स्वप्ने पाहणाऱ्या आईबापांना ती घ्यावीशी वाटणे साहजिक आहे. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, यावरचे पुष्कळसे प्रयोग मोजक्या खेळाडूंवर झालेले आहेत, आणि सुधारणेत यंत्राचा वाटा किती नि विश्वासाचा किती, हा वाद मिटलेला नाही. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी, शिकवणारा कोण आणि तो मेंदूच्या कोणत्या बाजूस तारा लावतो, हे विचारावे. तोवर मुलाला रोज थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देऊन स्वस्थ बसू द्यावे. त्याला खर्च नाही. आणि पदक न मिळाले तरी ती सवय जन्मभर उपयोगी पडेल.