थोपवून ठेवलेलें काम

गणकयंत्राच्या वेगाचें कौतुक सर्वत्र होतें. परंतु तो वेग शिस्तींत ठेवण्यासाठीं किती श्रम पडले, याची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. त्या हकीकतींतील एक प्रकरण ऐकण्यासारखें आहे.

आरंभीं गणकयंत्र आंकडेमोड थांबवून छपाईयंत्राची वाट पाहत बसे. हा कालापव्यय टाळण्यासाठीं ‘व्यत्यया’ची युक्ति निघाली. बाहेरच्या उपकरणाला कांहीं द्यावयाचें वा घ्यावयाचें असलें, कीं तें इशारा देतें. मग यंत्र हातचें काम सोडतें, तें कोठवर आलें याची खूण ठेवतें, आणि उपकरणाची गरज भागवून पुन्हां मूळ कामाकडे वळतें. १९५७-५८ च्या सुमारास ॲम्स्टरडॅम येथें ‘एक्स-१’ या यंत्राची आखणी चालू असतां लूपस्ट्रा व शोल्टेन या रचनाकारांनीं ही सोय सुचविली, तेव्हां त्यांचे सहकारी एड्सगर डायक्स्ट्रा हे चांगलेच धास्तावले. इशारा कोणत्या क्षणीं येईल याचा नेम नाहीं. मग एकदां दिसलेली चूक पुन्हां तशीच दाखवितां येणार नाहीं, आणि जी पुन्हां दिसत नाहीं ती दुरुस्त कशी करावयाची, ही त्यांची धास्ती होती. अखेरीस त्यांनीं ती सोय मान्य केली, तिच्यासाठीं लागणारी आज्ञावली स्वतः लिहिली, आणि १९५९ सालच्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधांत त्याच कामाचें विवेचन केलें.

पुढें एक व्यवहारी तोडगा रूढ झाला. एका इशाऱ्याची सेवा चालू असतां दुसरे इशारे खोळंबतात. म्हणून तेथल्या तेथें अगदीं जरूर तेवढेंच करावें व उरलेलें काम मागाहून करावें. भाकऱ्या थापीत असलेल्या गृहिणीला पोस्टमनानें हांक मारली, तर ती पत्र घेऊन कोनाड्यांत ठेवते व चुलीपाशीं परतते. वाचन सवडीनें होतें. युनिक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यांत, म्हणजे ‘कर्नेल’मध्यें, जाळ्यावरून येणाऱ्या संदेशांच्या पॅकेटांची व्यवस्था अशीच होती. आलेलें पॅकेट घेऊन तत्काळ रांगेंत ठेवावें. त्याचा पत्ता पाहून तें पुढें धाडण्याचें काम कमी निकडीचें समजून नंतर करावें.

या व्यवस्थेंतील व्यंग डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे जेफ्री मोगल व ए. टी. अँड टी. बेल प्रयोगशाळेचे के. के. रामकृष्णन यांनीं १९९६ सालीं एका निबंधांत मांडलें. त्यांच्या प्रयोगांत दोन जाळ्यांच्या मध्यें ठेवलेलें एक युनिक्स यंत्र पॅकेटें तपासून पुढें पाठवीत होतें. सेकंदास सुमारें २,००० पॅकेटांपर्यंत सारें सुरळीत चाले. आवक त्याहून वाढली, कीं जावक वाढण्याऐवजीं घटूं लागे. आवक ६,००० च्या आसपास पोंचली, कीं जावक अजिबात बंद! यंत्र मात्र बंद पडलेलें नव्हतें. उलट त्याला क्षणाचीही उसंत नव्हती. येणारें पॅकेट तें तत्परतेनें उचलून रांगेकडे नेई. परंतु नंतर करावयाच्या कामाची पाळीच येत नसे. रांग भरली, कीं श्रम करून उचललेलें पॅकेट टाकून द्यावें लागे. गृहिणी दारांतच उभी, कोनाडा भरून वाहिलेला, चुलीवरची भाकरी करपलेली, आणि पत्र एकही वाचलेलें नाहीं, अशी ती गत! या अवस्थेला ‘लाइव्हलॉक’ असें नांव आहे.

ही चूक आज्ञावलीच्या कोणत्याही एका ओळींत नव्हती. प्रत्येक भाग नेमून दिलेलें कर्तव्य बजावीत होता. म्हणून नुसतें वाचून दोष सांपडण्याजोगा नव्हता. मोजलेल्या गतीनें पॅकेटें सोडावीं, पलीकडे किती निघालीं तें मोजावें, आणि आवक-जावकीचा आलेख काढावा, या मार्गानें तो हातीं लागला.

उपाय करतांनाही ठेंच लागली. पहिला इशारा येतांच पुढचे इशारे बंद करावयाचे, आणि कर्नेलनें स्वतःच उपकरणांकडे पाळीपाळीनें जाऊन प्रत्येक पॅकेट शेवटपर्यंत पोंचवावयाचें, असें ठरलें. परंतु एका पाळींत किती पॅकेटें घ्यावयाचीं याला मर्यादा नव्हती, तोंवर घेणें संपेना आणि पाठविण्याची पाळी येईना. १० ते २० पॅकेटांची मर्यादा घातली, तेव्हां जावक टिकून राहिली. तपासणीची रांग भरत आली, कीं घेणेंच थांबवावें, ही जोडही द्यावी लागली. जास्तीचीं पॅकेटें त्यानंतरही गळतच. पण तीं जाळ्याच्या कार्डावरच गळत, त्यांच्यापायीं यंत्राचे श्रम फुकट जात नसत. २००१ सालीं जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन व अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनीं लिनक्ससाठीं याच धर्तीची योजना मांडली, आणि लिनक्समध्यें ती आजही चालू आहे.

डायक्स्ट्रांनीं जिचें भय धरलें, ती चूक पुन्हां न दिसणारी होती. ही चूक भार वाढला कीं दर वेळीं दिसे, तरी बोट ठेवावयास एकही ओळ सांपडत नसे. काम पुढें ढकलणें हा दोष नव्हे. ढकललेल्या कामासाठीं वेळ राखून न ठेवणें हा दोष होय. तो वेळ राखावयाचा, तर दार कांहीं काळ लावून घ्यावें लागतें. घरांतल्या गृहिणीला हें कोणी सांगावें लागत नाहीं. यंत्राला मात्र तें पॅकेटें मोजून मोजून शिकवावें लागलें.