लालन फकीर

लालन फकीर : (सु. १७७४ – १७ ऑक्टोबर १८९०). बंगालमधील बाउल-फकीर या गाणाऱ्या साधकांच्या परंपरेतील थोर साधक आणि पदकर्ते. लालन साँई, लालन शाह या नावांनीही परिचित. आजच्या बांगलादेशातील कुष्टिया शहरालगतच्या छेउडिया गावात त्यांचा आखडा, म्हणजे साधकांची मठवजा वस्ती होती. ग्रंथ, पुरोहित, मुल्ला आणि जात यांपैकी कशाचेही प्रामाण्य डोळे मिटून न मानता, समोरच्या जिवंत माणसावर प्रेम करूनच सत्यापर्यंत पोचता येते, हा त्यांच्या पदांचा गाभा. एकोणिसाव्या शतकातील बंगालने अनेक धर्मसुधारक पाहिले. पण त्यांतले बहुतेक कोलकात्याचे, शिकलेले, छापखाना हाताशी असलेले होते. लालन हे विणकरांच्या खेड्यात राहून एकतारीवर विचार मांडणारे गृहस्थ होते आणि त्यांचे प्रश्न त्या सुधारकांच्या प्रश्नांपेक्षा कमी धारदार नव्हते.

त्यांच्या जन्माविषयी दोन परंपरा आहेत. एकीनुसार ते कुमारखालीजवळच्या भांडारा गावातील हिंदू कायस्थ घराण्यातले. दुसरीनुसार झिनाइदह भागातील हरिशपूर येथील मुसलमान कुटुंबातले. पहिल्या परंपरेतील कथा अशी : तीर्थयात्रेच्या वाटेवर तरुण लालनला देवी आल्या. तो गेला असे समजून सोबत्यांनी त्याला नदीत सोडून दिले. काठाला लागलेला तो देह छेउडियाच्या मलम शाह या मुसलमान विणकराने आणि त्याच्या पत्नीने, मतिजानने, घरी नेला आणि सेवाशुश्रूषा करून त्याला वाचवले. बरा होऊन तो आपल्या गावी परतला, तेव्हा मुसलमानाच्या हातचे खाल्ले म्हणून त्याला घरात घेतले गेले नाही. ही हकिगत घडली तशीच घडली असेल असे नाही. पण पुढच्या सगळ्या गाण्यांची ती किल्ली आहे. जिने जीव वाचवला ती माया जात विचारत बसली नव्हती, आणि जिने उंबरा बंद केला ती श्रद्धा जातीवाचून दुसरे काही विचारायला तयार नव्हती.

लालन यांनी स्वतः आपली जात वा जन्माचा धर्म कधीही सांगितला नाही. लोक विचारत राहिले आणि त्यांनी त्या विचारण्यालाच पदाचा विषय केले. सुंता झाली की पुरुष मुसलमान ठरतो, मग बाईची ओळख कशावरून पटवायची? जानव्यावरून ब्राह्मण कळतो, तर ब्राह्मणी कशी कळणार? खड्ड्यातले पाणी वेगळे आणि गंगेतले वेगळे असे आपण म्हणतो, पण फरक पाण्यात असतो की भांड्यात? त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पदातील युक्तिवाद हा असा आहे. विसाव्या शतकात हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी त्यांना आपापल्या घरात ओढण्यासाठी पुष्कळ शाई खर्च केली. तो खटाटोप मुळातच चुकीच्या दिशेचा म्हणावा लागेल. लालन यांचे मौन ही माहितीतली उणीव नव्हती. तो त्यांचा जाणूनबुजून घेतलेला पवित्रा होता. बंगालमध्ये १८७२ साली पहिली जनगणना झाली आणि प्रत्येक माणसाची धर्म व जात यांच्या रकान्यांत नोंद होऊ लागली. फराइजींसारख्या मुसलमान सुधारणावादी चळवळी खेड्यापाड्यांत शुद्ध आचाराचा आग्रह धरत होत्या. आपली ओळख एका शब्दात सांगण्याची सक्ती वाढत असतानाच हा माणूस ती सांगायचे नाकारत होता.

त्यांचे गुरू सिराज साँई. पालखी वाहणारे म्हणून परंपरा त्यांना ओळखते. लालन यांच्या असंख्य पदांच्या शेवटी, नाममुद्रेत, त्यांचे नाव येते. बाउल-फकिरांची परंपरा एका स्रोतातून आलेली नाही. बौद्ध सहजयानाचे अवशेष, वैष्णव सहजियांची युगुलसाधना, चैतन्यांच्या (१४८६–१५३३) भक्तीची लाट आणि पूर्व बंगालात रुजलेला सूफी विचार या सगळ्यांचे पाणी तिच्यात मिसळले आहे. म्हणून लालन यांच्या पदांत कृष्ण गाई राखायला जातो, नदियाचा गौरांग, म्हणजे चैतन्य, भावावेशात नाचतो आणि नबीची महतीही गायली जाते. मात्र ही सर्वधर्मसमभावाची गोड बेरीज नव्हे. प्रत्येक परंपरेतून लालन तेवढेच उचलतात, जेवढे साधकाला स्वतःच्या देहात आणि नात्यांत पडताळून पाहता येते.

या पडताळणीसाठी बाउल-फकिरांकडे दोन संज्ञा आहेत : अनुमान आणि वर्तमान. ऐकीव गोष्टी, शास्त्रात लिहून ठेवलेले, कधीही न पाहिलेला स्वर्ग, दूरचे तीर्थ हे सारे अनुमान. जे समोर आहे, ज्याला हात लावता येतो, ज्याची सेवा करता येते ते वर्तमान. देव मानायचा तर तो वर्तमानात सापडला पाहिजे, आणि वर्तमानातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणूस. प्रत्येक देहात एक ‘मनेर मानुष’, मनातला माणूस, वस्ती करून असतो. लालन कधी त्याला पिंजऱ्यात ये-जा करणाऱ्या अनोळखी पक्ष्याचे रूप देतात. कधी तो आरशांच्या नगरीत राहणारा शेजारी होतो : घर अगदी लगतचे, पण मध्ये अथांग पाणी, नाव नाही, आणि एकदाही भेट झालेली नाही. या पदांत भक्ताची व्याकुळता आहेच, पण तिच्याइतकीच जिज्ञासाही आहे. पक्षी येतो कुठून, जातो कुठून, पिंजऱ्याला दारे किती, असे विचारत विचारत लालन पुढे जातात. त्यांच्याकडे प्रेम हे जाणून घेण्याचे साधन आहे. विचार बंद करण्याचे निमित्त नाही.

या प्रेमाची वाट सोपी नाही, आणि आज लालन यांच्या गाण्यांवर लुब्ध असलेल्या शहरी श्रोत्यांना तिची कडक बाजू बहुधा ठाऊक नसते. फकिरांची साधना देहाची आहे. स्त्री आणि पुरुष जोडीने दीक्षा घेतात. कामाचे प्रेमात रूपांतर करणे हा साधनेचा कणा, आणि त्यात स्त्रीला सोबतीण म्हणूनच नव्हे, तर मार्गदर्शक म्हणूनही मान आहे. त्यातले तपशील गुरुमुखातूनच कळायचे असल्याने पदे दुहेरी अर्थाच्या सांकेतिक भाषेत रचलेली असतात : नदी, भरती, अमावास्या, मासा, चोर हे शब्द वरवर साधे, पण जाणकाराला देहाचा नकाशा दाखवणारे. अंतिम दीक्षेला ‘खिलाफत’ म्हणतात. ती घेताना साधकाला कफनासारखे पांढरे वस्त्र नेसवतात. जिवंतपणीच तो मेलेला मानला जातो, आणि त्यानंतर त्या जोडप्याने मूल होऊ द्यायचे नसते. घराण्याचे नाव, वारसा, मालकी यांवर पाणी सोडल्याखेरीज प्रेम निखळ होत नाही, ही त्यामागची दृष्टी. या वाटेवर गुरूवर ठेवावी लागणारी निष्ठाही एक आंधळी श्रद्धाच नाही का, असा आक्षेप घेता येईल. फकिरांचे उत्तर असे की, गुरू डोळ्यांसमोर असतो. त्याला प्रश्न विचारता येतो, त्याचे वागणे रोज पाहता येते.

लालन यांनी हयातीतच दोलपौर्णिमेला, म्हणजे फाल्गुनी पौर्णिमेला, साधुसंग भरवण्याची प्रथा पाडली. ती आजही पाळली जाते. संध्याकाळी साधू जमतात, आसन मांडून गटागटाने बसतात. ‘आलेक साँई’चा पुकारा होतो. लहानथोर न पाहता एकमेकांसमोर जमिनीवर माथा टेकून नमस्कार करतात : गुरू शिष्याला आणि शिष्य गुरूला, कारण दोघांतही तोच मनातला माणूस. रात्री दैन्याची पदे होतात. पहाटे बाळकृष्णाला गाई घेऊन रानात धाडण्याची गोष्ठगाणी. सकाळच्या अल्पोपाहाराला ‘बाल्यसेवा’ म्हणतात आणि दुपारच्या भात-डाळ-मासळीच्या जेवणाला ‘पूर्णसेवा’. सगळ्यांची पाने वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. एका पंगतीत, एका जमिनीवर, जात न विचारता जेवणे हे ज्या काळात सुरू झाले, त्या काळात ते कोणत्याही प्रवचनापेक्षा धाडसाचे होते.

हे प्रेम घाबरटही नव्हते. कुमारखालीचे कांगाल हरिनाथ मजुमदार (१८३३–९६) हे ‘ग्रामवार्ताप्रकाशिका’ हे पत्र चालवत आणि रयतेवरील जुलमाच्या बातम्या निर्भयपणे छापत. जमीनदाराचे लाठीवाले त्यांच्यावर चालून आले, तेव्हा लालन आपल्या शिष्यांसह काठ्या घेऊन मित्राच्या रक्षणाला धावले, अशी हकिगत सांगितली जाते. तो जमीनदार म्हणजे रवींद्रनाथ टागोरांचे ठाकूर घराणे, ज्याने पुढे लालन यांचे नाव जगभर पोचवले. पुढे हरिनाथांनीही ‘फिकिरचाँद’ या नावाने बाउल पदे रचली आणि गायकांचे पथक काढले.

लालन यांचे एकमेव समकालीन चित्र याच ठाकूर घराण्यातील एकाने काढले. रवींद्रनाथांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी १८८९ साली शिलाईदह येथे पद्मेवरच्या बोटीत पेन्सिलीने त्यांचे रेखाटन केले. त्यात वाकलेला, दाढीधारी, अतिवृद्ध माणूस बसलेला दिसतो. पुढच्याच वर्षी, बंगाली कालगणनेनुसार १ कार्तिक १२९७ रोजी, लालन वारले. कुष्टियाच्या ‘हितकरी’ या पत्राने त्याच महिन्यात छापलेला मृत्युलेख हा त्यांच्या आयुष्याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे. त्यात त्यांचे वय ११६ वर्षे दिले आहे, त्या वयातही ते घोड्यावर बसत असे म्हटले आहे आणि शिष्यसंख्या दहा हजारांच्या घरात सांगितली आहे. आदल्या रात्रभर त्यांनी पदे गायली आणि पहाटे शिष्यांना ‘मी निघालो’ असे सांगून प्राण सोडला. कोणत्याही पंथाच्या विधीने आपले अंत्यसंस्कार होऊ नयेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे मुल्लाही लागला नाही आणि पुरोहितही. आखड्यातल्याच एका खोलीत त्यांना पुरले. ते कोणत्याच संप्रदायाचे नव्हते, तरी सर्व धर्मांचे लोक त्यांना आपले मानत, असे हितकरीने नोंदवून ठेवले आहे.

रवींद्रनाथ आणि लालन यांची भेट झाल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. पण पदांची भेट मात्र नक्की झाली. शिलाईदहला जमीनदारीचे काम पाहताना रवींद्रनाथांच्या कानावर ती पडली. १९१० साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘गोरा’ कादंबरीच्या सुरुवातीलाच रस्त्यावरचा एक बाउल पिंजऱ्यातल्या अनोळखी पक्ष्याचे पद गाताना दिसतो, आणि कट्टर हिंदुत्वाकडून माणुसकीकडे जाणाऱ्या नायकाच्या प्रवासाला ते पद जणू आधीच दिशा दाखवते. १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘प्रवासी’ मासिकात लालन यांची वीस पदे प्रसिद्ध केली. १९३० साली ऑक्सफर्डला दिलेल्या हिबर्ट व्याख्यानांत त्यांनी ‘माणसाचा धर्म’ मांडला, तो या मनातल्या माणसाचाच आधार घेऊन. त्याच भागातील गगन हरकरा या टपालवाल्याच्या पदाच्या चालीवर त्यांनी १९०५ मध्ये ‘आमार सोनार बांग्ला’ रचले. ते आज बांगलादेशाचे राष्ट्रगीत आहे. रवींद्रनाथांमुळे बाउलांना प्रतिष्ठा मिळाली खरी, पण त्याची किंमतही पडली : देहसाधना नजरेआड झाली आणि फकीर हा केवळ भोळा, रानोमाळ गात हिंडणारा कवी ठरला. उपेंद्रनाथ भट्टाचार्य यांच्या १९५७ च्या ‘बांग्लार बाउल ओ बाउल गान’ या ग्रंथाने साधनेची बाजू विस्ताराने पुढे आणली.

विरोध लालन यांच्या हयातीत होता आणि नंतरही राहिला. १९२० च्या दशकात रंगपूरच्या मौलाना रियाजुद्दीन अहमद यांनी बाउलांचा नायनाट करावा असे सांगणारा फतवा पुस्तकरूपाने काढला. सनातनी हिंदूंनाही त्यांचा आचार अशुद्ध वाटे. ऑक्टोबर २००८ मध्ये ढाक्याच्या विमानतळासमोर उभी राहत असलेली बाउलांची शिल्पाकृती धार्मिक गटांच्या दबावाखाली हटवण्यात आली. त्याविरुद्ध विद्यार्थी आणि कलावंत रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी बाउल गाणी युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत नोंदली गेली. वारसा म्हणून त्यांची घोषणा २००५ मध्येच झाली होती.

लालन यांच्या पदांची निश्चित संख्या सांगता येत नाही. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. मानिक शाह, मनिरुद्दीन शाह या शिष्यांनी पदे उतरवून घेतली. त्यांच्या नाममुद्रेने नंतरच्यांनी रचलेली पदेही प्रचारात आहेत, आणि पाठभेद तर गावागणिक आहेत. मंचावर त्यांची पदे लोकप्रिय करण्यात फरीदा परवीन यांचा वाटा मोठा. मोकसेद अली साँई यांच्याकडे त्या शिकल्या आणि १९८७ मध्ये त्यांना बांगलादेशाचे एकुशे पदक मिळाले. गौतम घोष यांचा ‘मनेर मानुष’ (२०१०) हा चित्रपट सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. त्यात प्रसेनजित यांनी लालन साकारले. आखड्यातले फकीर मात्र मैफलीतले गाणे आणि साधुसंगातले गाणे यांत फरक करतात. साधुसंगात प्रवर्त, साधक, सिद्ध अशा पायऱ्यांनी पदे गायली जातात, एका पदात उठलेल्या प्रश्नाला दुसरा गायक दुसऱ्या पदाने उत्तर देतो, आणि उत्तर पटले नाही तर तोच प्रश्न पुन्हा गायला जातो.